तुम्ही विचारलंत म्हणून: कडक स्प्रिंग टाकू का?

"ताई, एक्सपल्स बाइकला कडक क्लच स्प्रिंग टाकू का? आणि केबल कुठली घेऊ?" आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. इंजिनचा जोर चाकाकडे नेणाऱ्या क्लच प्लेट या स्प्रिंग एकमेकींवर दाबून धरतात. डाव्या हाताचा लिव्हर केबलने तो दाब सोडवतो, म्हणून स्प्रिंग कडक की लिव्हरही जड. मी कंपनीच्याच स्प्रिंग ठेवल्यात म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "बरोबर, तुम्हाला हलकाच क्लच बरा." त्या 'तुम्हाला'मध्ये काय भरलंय ते मला नीट कळतं. कडक स्प्रिंगवर मी वर्षभर गाडी चालवली आहे. कच्च्या रस्त्यावर, चढावर, पावसात. तेव्हा एकदा सगळं सांगूनच टाकते.

गाडी 2019 ची. पुढच्या वर्षी हँडलखाली रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे टाकले, कारण उभं राहून चालवताना पाठ भरून यायची. केबल जुनीच ठेवली. पुरली, बसली, विषय संपला. काही महिन्यांनी चढावर क्लच स्लिप मारायला लागला. इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही, जळका वास यायचा. गॅरेजमध्ये सांगितलं, स्प्रिंग बसल्यात, म्हणजे दबून सैल पडल्यात. मला लगेच पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचंच होतं. बरोबरच्या सगळ्यांच्या गाड्यांना कडक सेट होते आणि माझा लिव्हर दाबून बघितला की ती मुलं हसायची. नव्या प्लेट आणि कडक स्प्रिंग एकदमच टाकल्या. स्लिप थांबली. प्लेटमुळे थांबली की स्प्रिंगमुळे, हे मी तेव्हा स्वतःला विचारलंसुद्धा नाही.

हात दुखायचा. घरी आल्यावर चहाचा कप डाव्या हातात धरवत नसे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर 2021. वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या बाजूचा डोंगर. पाऊस ओसरला होता, पण वाटेवरची माती अजून साबणासारखी. एकावर एक वळणं असलेला चढ. मी पुढे, मावसभाऊ त्याच्या गाडीवर मागे. हा दादाच मला गाडी शिकवणारा. शेवटच्या वळणावर हँडल पूर्ण उजवीकडे, पहिला गिअर, लिव्हर अर्धा दाबून हाफ क्लच, आणि चाक दगडाला अडलं म्हणून थोडी जास्त रेस दिली. बोटांखाली 'टक्' झालं आणि लिव्हर एकदम मेल्यासारखा सैल पडला. केबल तुटली की क्लच पूर्ण लागतो, आणि कडक स्प्रिंग असल्या की तो हिसक्याने लागतो. गाडीने उसळी घेतली, पुढचं चाक वर गेलं, मी डाव्या अंगावर पडले. दीडशे किलोंची गाडी कडेवरून घसरत खालच्या वळणावर गेली. तिथे दादा एक पाय टेकून माझी वाट मोकळी व्हायची वाट बघत थांबला होता.

त्याचा गुडघा गेला. लिगामेंटचं ऑपरेशन झालं. तो चालतो, जिने चढतो. गाडीवर उभा मात्र राहू शकत नाही. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तुटलेली केबल मी जपून ठेवली आहे. लिव्हरमध्ये अडकते त्या धातूच्या गोळीपाशी तारेचे पदर एकेक करून सुटलेले आहेत. बाहेरचे गंजून तांबूस, आतले दोन-तीनच चकचकीत, त्या दिवशी तुटलेले. म्हणजे ती कित्येक आठवडे तुटतच होती. दादा दवाखान्यात असताना मी जुन्या स्प्रिंगचा डबा उघडला आणि त्यांची लांबी व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने मोजली. कंपनीच्या नव्या सेटशी ताडून बघितली. काडीचा फरक नव्हता. स्प्रिंग बसल्याच नव्हत्या.

मग स्लिप कशाने होत होती? रायझरमुळे केबल आखूड पडत होती. हँडल पूर्ण वळवलं की तिचं आवरण ताणायचं, लिव्हरची मोकळी चाल, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधी तो रिकामा हलतो ती, संपायची आणि मी बोटही न लावता क्लच थोडा दाबलेलाच राहायचा. दर वळणावर प्लेट जळत होत्या. त्यावर मी कडक स्प्रिंग टाकून त्याच ताणलेल्या केबलवरचा भार आणखी वाढवला.

तेव्हाची मी आत्ताच्या मला सुनावते: मग चूक केबलची, स्प्रिंगला का नावं ठेवतेस? तिचं म्हणणं चूक नाही. ट्रॅकवर शर्यतीत धावणारी मुलं सतत हाफ क्लचवर असतात, तापलेल्या प्लेट घट्ट धरायला त्यांना कडक सेट लागतो, तेही मला मान्य आहे. पण प्लेट जास्त जोरात दाबायच्या तर तो जोर केबल आणि बोटांमधूनच जातो. तो कुणी फुकट देत नाही.

मी आता काय करते, तेवढं सांगते. केबलची कंपनी नंतर, लांबी आधी. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून लिव्हरच्या टोकाला 10 मिमी तरी मोकळी चाल उरते का, ते बघते. दर राइडच्या आधी लिव्हर मागे घेऊन गोळीपाशी टॉर्च मारते. आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरत नाही. जुनीला समांतर दुसरी केबल बांधूनच ठेवलेली असते. तेल जासो एमए2 चंच, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचं; कारचं तेल घातलं तर कुठलीही स्प्रिंग तुम्हाला वाचवणार नाही. स्प्रिंग मोजल्याशिवाय बदलत नाही आणि बदलल्या तर अख्खा सेट.

कडक सेट अजून डब्यात आहे. परवा दादाने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "केबल नीट बसवून एकदा परत टाकून बघ की." मी डबा लावून ठेवला. अजून टाकलेल्या नाहीत.