दाखिल दफ्तर

२०२३चा नोव्हेंबर. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तहसिलीत मी मोडी वाचायला बसलो होतो. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या शिंदे समितीसाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. उर्दूला एक रिटायर्ड सर होते. धूळ इतकी, की दोघांनीही तोंडाला फडकं बांधलेलं.

तिसऱ्या दिवशी महसुलाच्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तरात, भलताच कागद निघाला. १९४९चा अर्ज. मजकूर उर्दूत, खाली चार सह्या मोडीत. म्हणजे त्याला आम्ही दोघंही लागणार.

सर अडखळत वाचत गेले. अर्ज एका मुसलमान पोलीस पाटलाच्या मुलाचा. बाप रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र संघटनेतला, म्हणून अटकेत. त्यानं रझाकारांना ज्वारी दिली हे मुलगा कबूलच करत होता. पण बार्शीकडच्या कॅम्पातून रात्री यायची ती निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसची पोरंही त्याच पेवातली ज्वारी न्यायची, असं त्याचं म्हणणं. मोडीतल्या सह्या मी वाचल्या. चारही हिंदू, त्यातला एक गावचा कुलकर्णी. 'मजकूर खरा आहे.'

शाळेत दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आम्ही ऐकलेलं सरळ होतं. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ एकीकडे. रझाकारांचा म्होरक्या, लातूरचा वकील कासीम रझवी दुसरीकडे. ते खोटं नव्हे. पण हा पाटील त्यात कुठं बसवायचा?

"तुमच्या घरी त्या अठ्ठेचाळीस सालाला रझाकारी म्हणतात ना?" सर म्हणाले. "आमच्याकडं पोलीस ॲक्शन म्हणतात."

माझी आजी रझाकारांच्या भयानं ज्वारीत लपलेली. ते तिनं शंभरदा सांगितलं. १३ सप्टेंबर १९४८ला फौजा आत आल्या, पाचव्या दिवशी निजाम शरण आला, इथं तिची गोष्ट संपायची. त्यानंतर मुसलमानांचं काय झालं ते मी, भारत सरकारनं चौकशीला पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात वाचलं, तेही चाळिशीत. २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव. आजीला माहीत नसेल? तिच्या गल्लीतली निम्मी घरं तर मुसलमानांची होती.

"कुणबी लिवलंय का कुठं?" कारकुनानं विचारलं.

"नाही."

"मग बांधा. स्कॅनिंगला नको."

कोपऱ्यात लाल शाईचा शेरा होता. सरांनी चष्मा वर करून वाचला, "दाखिल दफ्तर." म्हणजे कागद दप्तरी जमा, प्रकरण बंद. पाटील सुटला की नाही, ते कागदावर नव्हतं. सरांनी घडी जुन्याच रेषेवर घातली, मी रुमालाची गाठ मारली.