ख्रिसमस रीथ: सगळा खेळ तारेच्या ताणाचा

रीथ म्हणजे ख्रिसमसला दारावर टांगायचं हिरव्या डहाळ्यांचं गोल तोरण. आज दिवसभर हिरव्या डहाळ्या आणि तारेत हात होते, म्हणून ताजं असतानाच लिहून ठेवते.

३० सेंमीचं तारेचं कडं, साधारण ०.७ मिमीच्या बारीक तारेचं रीळ आणि सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्या एवढं पुरतं. त्यातलं फर हे झाड मिळालं तर त्याच्याच डहाळ्या घ्या. स्प्रूस या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाची सुईसारखी पानं घरात लवकर गळतात. कापलेल्या डहाळ्या रात्रभर पाण्यात उभ्या ठेवा.

१२-१५ सेंमीचे तुकडे करून चार-पाच तुकड्यांची एक जुडी बांधायची. जुडी कड्यावर ठेवून देठांवर तारेचे तीन घट्ट वेढे. तार तोडायची नाही! पुढची जुडी आधीचे देठ झाकेल अशी, त्याच दिशेला. शेवटच्या जुडीचे देठ पहिलीच्या पानांखाली सरकवा.

बहुतेक रीथ बिघडतात ते इथेच: ताजा हिरवा पाला वाळला की आकसतो, वेढे सैल पडतात आणि जुड्या निसटतात. तार बोटांना टोचेपर्यंत ओढा, खरंच.

आता सजावट. पाइनकोन (पाइन झाडाचे लाकडी शंकू) मिटलेले असतील तर ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास ठेवा, उमलतात. वाळवून लावायच्या संत्र्याच्या चकत्या ५ मिमीच्याच हव्यात. जाड चकत्या आतून ओल्या राहतात आणि बुरशी धरतात. होली या काटेरी पानांच्या झुडपाची लाल फळं विषारी, लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर नकोच.

टांगायची दोरी पाल्याला नाही, कड्याला बांधा. घरात हीटरपासून लांब ठेवा आणि रोज पाणी फवारा.