भिडे पूल बुडाला का?

जुलैत पाऊस लागला की अण्णांचा गावाहून फोन येतो. तब्येत, नोकरी, नातवंडं सगळं मागाहून, पहिला प्रश्न, "भिडे पूल बुडाला का रं?"

डेक्कनजवळचा हा बुटका पूल. खडकवासल्यातून जरा जास्त पाणी सोडलं की बुडतो आणि पुणेकर छत्र्या घेऊन फोटो काढायला जमतात. खाली दौंड तालुक्यात, मुळा-मुठेकाठच्या आमच्या घरी मात्र पळापळ सुरू होते. नदीवरची मोटार काढायची असते. केबल गुंडाळा, स्टार्टरची पेटी वर न्या, पाइपाचे नटबोल्ट चिखलात चाचपडत सोडवा, मग चौघांनी मिळून मोटार वर ओढा. अण्णांनी शाळा चौथीत सोडली, पण क्युसेकचा हिशोब तोंडपाठ. "वीस हजार म्हंजे बाभळीपत्तोर. तीसच्या वर गेलं तर चिंचंपत्तोर." सरकारी आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, एवढा एक आकडा सोडून.

आजीच्या वेळी उन्हाळ्यात नदी आटायची. बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं घागर भरायच्या. आता वाळू उपशात गेली आणि नदी बारमाही झाली. चार धरणांचं पाणी पुणं वापरतं आणि त्यातलं बरंचसं नीट शुद्ध न करताच नदीत सोडतं. पुणेकर अंघोळी करतात म्हणून आमचा ऊस उभा आहे, हे सोसायटीच्या पाणीकपातीच्या मीटिंगमध्ये मी अजून कुणाला बोललेलो नाही. विहीर प्यायच्या कामाची राहिली नाही, नदीकाठच्या घरात पाण्याचा जार विकत येतो. आणि मोटारीच्या फुटबॉलात, म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हात, जलपर्णीची मुळं अडकली की अण्णा समस्त पुण्याचा उद्धार करतात. माझ्यासकट.

पहिला पूर ओसरला की आई मात्र नदीची ओटी भरतेच. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. यंदा मी बरोबर होतो. नाकाला पदर लावून ती वाकली.

"आई, एवढा वास येतोय, तर कशाला?"

"तुझी आजी अंथरुणाला खिळली तवाबी नाक धरूनच केलं. पर केलं नव्हं?"

पुरानं काठाला लोटलेल्या जलपर्णीत नारळ अडकून बसला. अण्णांनी वेळूच्या काठीनं तो धारेला लावला.

"आता रांजणगाव सांडसला भीमेत जाईल," ते म्हणाले. "वाटंत पोरांनी फोडून खाल्ला नाही तर."