डायपरमधले काळे धागे 😅

पोट्टीला सहा महिने झाले म्हणून वरचं खाणं सुरू केलंय अन् घरात आता शीशिवाय दुसरा विषयच नाही बापा. आज डायपरमध्ये बारीक काळे धागे दिसले, मला वाटलं जंतच झाले, सासूबाई नजर काढायला मीठ-मोहरी घेऊन आल्या, शेवटी डॉक्टरांना फोटो पाठवला तर म्हणे काल केळं दिलं होतं ना, त्याचेच आहेत. गाजर तर जसंच्या तसं बाहेर येतं, अन् वास... नुसत्या दुधावर होती तेव्हा इतका नव्हता! घट्ट झाली की पपई कुस्करून देते, सोबत दोन घोट पाणी. शेजारच्या काकू मध चाटव म्हणतात, तो मात्र वर्षाच्या आत अजिबात नाही. संत्र्याच्या सीझनमध्ये काय दिसणार देव जाणे 🍊