सिटी व्हीटेकचा पिंजरा: चार महिन्यांत एक कमान

ब्रेकचं काम संपलं तेव्हा 'आता महिनाभरात केज' असं ठोकून दिलं होतं. केज म्हणजे ट्रॅकवर गाडी उलटली तर माणूस चेपू नये म्हणून आत बसवायचा नळ्यांचा पिंजरा. चार महिने झाले. गाडी कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमध्ये मागची सीट, कार्पेट, छताचं अस्तर काढून उभी आहे आणि आत्ता कुठे मेन हूप, म्हणजे सीटमागची मुख्य कमान, एवढीच उभी राहिलीय.

नव्यांसाठी: गाडी २००२ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक, १०६ बीएचपी, वजन हजार किलोच्या आसपास. कागदावर सेडान आहे. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की हसणारे हसतात, त्यांना शेजारी बसवून आणतो.

आधी माझं गाढवपण सांगून टाकतो. एका दुकानातून तयार सिक्स-पॉइंट (सहा ठिकाणी गाडीला जोडायची) केज आणली होती. लाल पावडर कोटिंग, बघायला एकदम देखणी. पुतण्याने पान्याने टिचकी मारली आणि म्हणाला, "काका, ही आपल्या जिन्याच्या रेलिंगसारखी वाजतीय." दुसऱ्या दिवशी हूपला खालच्या बाजूला ५ मिमीचं भोक पाडलं आणि व्हर्नियरची मागची काडी आत सरकवली. बाहेरचा व्यास ३८.१, समोरच्या भिंतीच्या आतल्या अंगापर्यंत ३६.५. म्हणजे पत्रा १.६ मिमी. ग्राइंडरने तुकडा काढला तर आत लांबलचक शिवण, साधा ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला पाइप. अमेरिकेत एससीसीए या रेसिंग क्लबच्या नियमांत तपासणीसाठी असं भोक ठेवावंच लागतं, ते का हे तेव्हा कळलं. आता ती केज टेरेसवर आहे, तिच्यावर दोडक्याचा वेल चढवलाय.

मग अभ्यासाला बसलो. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या अपेंडिक्स जे मधलं कलम २५३ म्हणजे या विषयाची पोथीच. मेन हूपला (व्यास × जाडी) ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २. कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेली, बिनशिवणीची), साधं कार्बन स्टील, ताणबळ किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. क्रोमोलीचा, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमवाल्या पोलादाचा, विचार दोन चहांपुरता केला. पण स्वतः बनवलेल्या केजला हे कलम साधं कार्बन स्टीलच सांगतं, आणि क्रोमोलीचे सांधे मनासारखे टिग वेल्ड करून घेण्याची यातायात वेगळीच.

इकडे पाइप मागायला गेलं की साखर कारखाना आडवा येतोच. मिस्त्रींनी कोपऱ्यातली बॉयलर ट्यूब दाखवली. "दादा, कारखान्याचा माल हाय. शंभर वर्सं जाईल की ओ!" ट्यूब होती ५०.८ × ३.२५. मीटरला ३.८ किलो भरते, ४५ × २.५ वाली २.६ भरते. वजनाचं एक वेळ सोसलं असतं. पण त्या ट्यूबच्या ३२० ग्रेडचं ताणबळ ३२० पासून सुरू होतं आणि आपल्याला किमान ३५० हवं. जाड आहे म्हणजे मजबूत आहे, हे मिस्त्रींच्या डोक्यातून काढायला मला अर्धा दिवस लागला. माझ्या डोक्यातून काढायला त्याआधी एक रात्र लागली होती, ते त्यांना सांगितलं नाही.

वाकवण्यावरून दुसरं भांडण. त्यांची पद्धत म्हणजे पाइपात वाळू ठासायची, दोन्ही तोंडं बंद करायची, गॅसने लाल करायचा आणि ओढायचा. रेलिंगला झकास. केजचा पाइप मात्र थंडच वाकवायचा असतो, वाकाची मध्यरेषेवरची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५ ला १३५ मिमी. नळी थोडी चेपतेच, पण लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९ च्या खाली जाता कामा नये. हायड्रॉलिक प्रेसवरचा पहिला वाक ४७.५ आणि ४१ आला. भागाकार ०.८६, पाइप भंगारात. मग मॅन्ड्रेलवाला (नळी चेपू नये म्हणून आत दांडा घालून वाकवणारा) बेंडर शोधला. तिथे ४६.६ आणि ४२.८ आले, ०.९२. मिस्त्रींनी व्हर्नियर माझ्या हातातून घेऊन स्वतः दोनदा लावून बघितला, आणि तिथून पुढे वाळूचं नाव काढलं नाही.

खरा वेळ मात्र पाइपात गेला नाही, माझ्या टाळक्यात गेला. बेत असा होता की फोर-पॉइंट अर्धी केज (फक्त सीटमागची, चार ठिकाणी जोडलेली) बोल्टने बसवायची, म्हणजे गाडी एरवी रस्त्यावर चालेल आणि कोइमतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकला चालवतच जाता येईल. एका रविवारी ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपची नक्कल करून अख्खी केजच सुतळीने गाडीत बांधली. हेल्मेट न घालता, कंपनीचा पट्टा लावून बसलो आणि पुतण्याला म्हटलं, डोकं हळूच बाजूला ढकल. दारावरची नळी कानाच्या दोन बोटं वर, बरोबर हाडावर टेकली. हेल्मेट असेल तर टक्क होऊन सुटेल, नसेल तर नळी कवटीलाच भिडेल. एसीच्या पाइपवरचा काळा फोम गुंडाळून भागत नाही. एफआयएच्या ८८५७-२००१ मानकाचं कडक पॅडिंगसुद्धा हेल्मेटवाल्या डोक्यासाठीच असतं.

अर्ध्या केजमध्ये ही नळी नसते, मान्य. पण मग पुढचे खांब आणि दारं कंपनीची आहेत तशीच राहतात. शिवाय मागे रेलणारी सीट धक्क्याने मोडली की डोकं थेट मेन हूपवर, म्हणजे फिक्स बकेट सीट (एकसंध, न रेलणारी) घ्यावीच लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही आहेच. नोंदणीतले तपशील कंपनीने मुळात दिलेल्यांपेक्षा वेगळे होतील असे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलंय. इकडची मागची सीट काढा, तिकडे ट्रॅकवर अर्धंच संरक्षण घ्या, हा व्यवहार काही मला पटेना.

म्हणून ठरलं: पूर्ण सिक्स-पॉइंट, गाडी रस्त्यावरून बंद, करीला फ्लॅटबेडवर जाणार. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हणजे औदुंबरला आता पिंजऱ्यात बसून जायचं का?" तिला वॅगनआर दाखवली.

दारांत नळ्यांचा एक्स (फुली) टाकतोय. वरचा सांधा दाराच्या उघडीच्या निम्म्या उंचीच्या वर जाऊ द्यायचा नसतो, आणि माझ्या पोटाचाही तोच आग्रह आहे. पायांखाली ३ मिमीच्या, किमान १२० चौरस सेंटीमीटरच्या प्लेटा पत्र्याला वेल्ड करून त्यावर प्रत्येक पायाला तीन एम८ बोल्ट. डावीकडची प्लेट लावायला कार्पेटखालचं डांबरी अस्तर खरवडलं तर खाली पत्रा बिस्किटासारखा. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. तळहाताएवढा तुकडा कापून नवा पत्रा घातला, आठवडा गेला.

मेन हूप, मागचे दोन टेकू, तिरपी आणि पट्ट्याची आडवी नळी एवढं मित्राच्या हळदीच्या वखारीतल्या काट्यावर ठेवलं: १९ किलो ६०० ग्रॅम. काट्यावरून उतरवताना हूप हळदीने पिवळीधम्मक झालेली, वेल्डिंगआधी थिनरने पुसावी लागली. पुढचे पाय आणि दारं धरून आणखी २६ किलोच्या आसपास होतील.

आता बकेट सीटची वाट बघतोय. डोकं नेमकं कुठे येतं हे सीट ठरवणार, म्हणून ती येईपर्यंत पुढचे पाय वाकवायचे नाहीत असं मिस्त्रींना सांगितलंय. त्यांनी भिंतीला टेकवलेल्या पाइपांवर खडूने लिहून ठेवलंय: 'दादांचं डोकं यायचंय. हात लावू नये.'