नव्या रूपातली छोटी सेडान: आधी मागचं दार उघडा

नवं डिझाइन म्हटलं की सगळे आधी ग्रिल आणि दिवे बघतात. त्याऐवजी मागचं दार उघडा. छताला कूपेसारखा, म्हणजे दोन दारांच्या स्पोर्टी गाडीसारखा, मागे उतार दिला की पहिला फटका बसतो मागच्या प्रवाशाच्या डोक्याला. ड्रायव्हरची सीट स्वतःच्या उंचीला लावा आणि तिच्याच मागे बसा. गुडघ्यापुढे चार बोटं जागा हवी, मांडीला खालून आधारही.

डिकीचे लिटर फसवे असतात. झाकणाच्या वळणदार बिजागऱ्या आत शिरतात आणि बॅगा चेपतात. तोंड अरुंद असेल तर ४०० लिटरच्या डिकीतही मोठी सूटकेस अडते. तळाचं मॅट उचलून बघाच. स्टेपनी बारीक असेल तर साधारण ताशी ८० किमीची मर्यादा. नुसतं पंक्चर किट असेल तर टायरची बाजू फाटल्यावर ते निरुपयोगी.

१५ऐवजी १७ इंची चाकं दिसतात झकास, पण टायरची भिंत बुटकी होते आणि खड्डा थेट कमरेत जाणवतो. एसीची बटणं स्क्रीनमध्ये कोंबली असतील तर तो सरळ दोषच, मग स्क्रीन कितीही मोठी असो.

टेस्ट ड्राइव्ह खडबडीत रस्त्यावर, म्युझिक बंद ठेवून, मागे दोघांना बसवूनच घ्या.