रात्री नेटवर्क न धरणारा पाईनफोन

सर्वेक्षणाच्या कामासाठी वापरला जाणारा एक पाईनफोन, म्हणजे लिनक्सवर चालणारा मोबाईल, माझ्याकडे तपासायला आला. त्यावर मोबियन होतं, म्हणजे फोनसाठी बांधलेलं डेबियन लिनक्स. दिवसा वायफाय उत्तम चालायचं. रात्री चार्जिंगच्या कपाटात अपडेट लागून फोन पुन्हा सुरू झाला, की मात्र नेटवर्क धरायचं नाही आणि दिवसभराच्या नोंदी सर्व्हरवर जायच्या नाहीत. सकाळी कोणीतरी फोन हातात घेऊन उघडला की जोडणी लगेच व्हायची.

रेंजचा संशय आधी घेतला गेला होता. तो अगदीच चुकीचा नव्हता, कारण पाईनफोनचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. राउटरने फक्त ५ गिगाहर्ट्झवर नेटवर्क दिलं तर या फोनला ते दिसणारच नाही. मागच्या झाकणाखाली सहा बारीक बटणं असतात, त्यातलं दुसरं वायफाय आणि ब्लूटूथचं. तेही पाहून झालं होतं. पण त्याच कपाटात, त्याच जागी सकाळी जोडणी होत असेल, तर दोष हवेत नाही आणि बटणातही नाही.

अशा वेळी मी सरळ नेटवर्कमॅनेजरची, म्हणजे लिनक्सवर जोडण्या सांभाळणाऱ्या सेवेची, नोंदवही उघडतो. या नोंदवहीत, म्हणजे जर्नलमध्ये, रात्रीच्या वेळेला वायफायची अवस्था ‘नीड-ऑथ’पर्यंत पोचलेली होती आणि तिथून ‘फेल्ड’. कारण लिहिलं होतं ‘नो-सीक्रेट्स’. म्हणजे राउटर सापडला होता, पण पासवर्ड द्यायला कोणी नव्हतं.

जतन केलेली जोडणी म्हणजे ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या नेटवर्कमॅनेजरच्या ‘सिस्टम-कनेक्शन्स’ फोल्डरातली एक साधी मजकुराची फाईल. तिच्या वायफाय-सिक्युरिटी या भागात ‘पीएसके’ (वायफायची किल्ली) या ओळीपुढे पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. या फोनवर ती ओळच नव्हती. तिच्या जागी होतं ‘पीएसके-फ्लॅग्ज बरोबर १’. सगळा उलगडा या एका आकड्यात आहे. ० असेल तर पासवर्ड फाईलमध्ये राहतो आणि यंत्र सुरू होताच वापरता येतो. १ असेल तर तो वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्डच्या कुलूपबंद पेटीत राहतो. २ असेल तर कुठेच राहत नाही, दर वेळी विचारला जातो. जोडणी बनवताना पासवर्डच्या चौकटीतल्या चिन्हावर बोट ठेवलं की हेच पर्याय ‘फक्त या वापरकर्त्यासाठी’, ‘सर्वांसाठी’ आणि ‘दर वेळी विचारा’ अशा शब्दांत येतात. इथे पहिला निवडला गेला होता. रात्री सत्र आपोआप सुरू व्हायचं, पिन टाकायला कोणी नसायचं, म्हणून कीरिंग बंदच राहायची.

दुरुस्ती दोन पायऱ्यांची. एनएमसीएलआय, म्हणजे नेटवर्कमॅनेजरला टाइप करून आज्ञा देण्याचं साधन, त्याच्या ‘मॉडिफाय’ने त्या जोडणीचे पीएसके-फ्लॅग्ज ० करायचे. मग ‘आस्क’ हा पर्याय लावून जोडणी वर आणायची. पासवर्ड विचारला जातो आणि फाईलमध्ये जाऊन बसतो. पासवर्ड आज्ञेतच टाइप करता येतो, पण तो शेलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीच्या, इतिहासात उरतो आणि आज्ञा चालू असताना प्रक्रियांच्या यादीतही दिसतो. ‘आस्क’ची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

त्याच फोल्डरात आणखी एक गुंता होता. दुसऱ्या फोनवरून कोणीतरी जोडण्यांच्या फाईली आणून टाकल्या होत्या आणि त्यातली एकही यादीत येत नव्हती. या फाईलींचा मालक रूट, म्हणजे यंत्राचा मुख्य वापरकर्ता, हवा आणि परवानगी ६०० हवी, म्हणजे वाचणं-लिहिणं फक्त मालकाला. इतर कोणाला वाचता येत असेल तर नेटवर्कमॅनेजर ती फाईल सरळ नाकारतो, आणि हे योग्यच आहे. मालकी आणि परवानगी नीट केल्यावर ‘कनेक्शन रीलोड’ द्यावं लागतं. शिवाय जुन्या फोनचा मॅक पत्ता (त्याच्या वायफाय चिपचा ओळख क्रमांक) फाईलमध्ये बांधलेला असेल तर ती ओळ काढावी, नाहीतर जोडणी यादीत दिसेल पण या फोनवर चालणार नाही.

एका फाईलमध्ये एसएसआयडीच्या, म्हणजे नेटवर्कच्या नावाच्या, ओळीवर २२४;१६४;१८४ अशी आकड्यांची माळ होती. ती बिघडलेली फाईल नव्हे. नेटवर्कचं नाव देवनागरीत, ‘सर्वेक्षण’ असं होतं. नावात साध्या इंग्रजी चिन्हांपलीकडचं काही आलं की नेटवर्कमॅनेजर ते बाइटच्या आकड्यांत लिहितो. पहिले तीन आकडे म्हणजे ‘स’. देवनागरी नाव जरूर ठेवावं, फक्त मर्यादा ३२ बाइटची आहे आणि प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्त धरून. ‘सर्वेक्षण’ची ९ चिन्हं म्हणजे २७ बाइट झाले. दहा चिन्हांपुढे जागा नाही.

खरा विचार करायचा होता तो यानंतर. फ्लॅग्ज ० केल्याने रात्रीचा प्रश्न सुटला, पण पासवर्ड आता उघडा पडला होता. पाईनफोन आतल्या साठवणीच्या आधी मायक्रोएसडी कार्डावरून सुरू होतो. मोडलेला फोन वाचवताना हीच सोय फार कामाला येते. मात्र फोन ज्याच्या हाती लागेल तोही कार्डावर दुसरं लिनक्स घालून आतली साठवण जोडू शकतो आणि सगळे पासवर्ड वाचू शकतो. तिथे ६०० परवानगीचा काही उपयोग नाही. यावर उपाय म्हणजे लक्स ही लिनक्सची कूटबद्ध करण्याची पद्धत वापरून पूर्ण साठवण कुलूपबंद करणं. पण मग सुरू होतानाच फोन सांकेतिक वाक्य मागणार, आणि रात्री कपाटात ते टाकणार कोण?

म्हणून मी फोनवर कोणता पासवर्ड ठेवायचा हेच बदलायला सांगितलं. राउटरवर या फोनांसाठी वेगळं नेटवर्क काढलं, त्यातून फक्त नोंदींच्या सर्व्हरपर्यंत पोचता येतं. तेवढाच एक पासवर्ड फ्लॅग्ज ० ने ठेवला. कार्यालयाचं मुख्य नेटवर्क आणि कर्मचाऱ्यांच्या घरची नेटवर्कं ठेवायचीच असतील तर १ ने, कीरिंगमध्ये. नव्या जोडणीला ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी १० दिली. मूळ किंमत ० असते आणि मोठा आकडा आधी धरला जातो, त्यामुळे कपाटाशी दोन्ही नेटवर्कं असली तरी फोन हेच निवडतो.

पासवर्ड उघडा ठेवायचाच असेल तर डब्ल्यूपीए-पासफ्रेज हे साधन नाव आणि पासवर्ड यांच्यावरून ६४ अंकांची हेक्स किल्ली काढून देतं. तीही ‘पीएसके’पुढे चालते. त्या नेटवर्कात शिरायला ती पुरेशी असल्याने चोराला अटकाव होत नाही, पण माणसाने ठरवलेला शब्द वाचता येत नाही. तोच शब्द लोक इतरत्रही वापरतात, म्हणून मला ही पद्धत पटते. डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा मानकातल्या एसएई या ओळख पटवण्याच्या पद्धतीला मूळ पासवर्डच लागतो, तिथे ही किल्ली चालत नाही.

शेवटी जुन्या जोडण्या काढल्या. एनएमसीएलआयच्या यादीत ‘टाइमस्टॅम्प-रिअल’ हा रकाना मागितला की प्रत्येक जोडणी शेवटची कधी चालली ते कळतं. कधीच न चाललेल्या आणि नावापुढे १, २ लागलेल्या दुहेरी नोंदी आधी गेल्या. लपवलेल्या नेटवर्कांच्या नोंदी तर मी कटाक्षाने काढतो, कारण अशा नेटवर्काच्या शोधात फोन जाईल तिथे त्याचं नाव पुकारत राहतो. फ्लॅश साठवणीवर फाईल पुसली तरी मजकूर काही काळ मागे राहू शकतो, म्हणून कार्यालयाच्या मुख्य नेटवर्काचा पासवर्ड त्याच संध्याकाळी राउटरवर बदलून घेतला आणि फोन परत दिला.